दोरीचं चित्र

अंगणवाडीत मोहिनीची शिकवण्याची रीत साधी होती. भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवायचं, नाव घ्यायचं आणि पोरांनी तेच ओरडून म्हणायचं. एका भिंतीवर बाजार होता: वांगी, थैली, तराजू. दुसरीवर खेळ: चेंडू, बॅट आणि दोरीवर उड्या मारणारी दोन वेण्यांची मुलगी. पोरं इतक्या जोरानं ओरडत की रस्त्यावरची बकरीसुद्धा थबकायची.

बाजाराच्या दिवशी समुद्रपूरला मोहिनी वांगी निवडत होती. शेजारच्या खेळण्यांच्या दुकानापुढे तिच्याच अंगणवाडीतली पिंकी आईचा पदर ओढत उभी होती.

"आबाजी, मले सुरभी द्या."

दुकानदार मधुकरराव बुचकळ्यात पडले. "हे कोणतं खेळणं वं?"

पिंकीनं खिळ्याला टांगलेली उडीची दोरी दाखवली. "हे काय! सुरभी!"

मोहिनीच्या हातातलं वांगं गळून पडलं. सुरभी तिची मुलगी. सात वर्षांची, दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेली. अंगणात दोरीवर उड्या मारायची, तेव्हा तिच्या वेण्याही उडायच्या. पिंकीनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मदतनीस कुंताबाईंना विचारलं. त्या झाडू हातात घेऊन घुटमळल्या.

"बाई, त्या चित्रावर बोट ठेवलं की तुम्ही सुरभीच म्हणता. लई दिवस झाले. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली मले."

म्हणजे तिचंच तोंड तिला फसवत होतं आणि भोळी पोरं ते घोकत होती! आता तिला पोरांचं एकेक बोलणं आठवू लागलं. 'माही सुरभी तुटली.' 'आईनं सुरभी लपवली.' गावात घरोघरी सुरभी नांदत होती, फक्त तिच्या घरी नव्हती. मोहिनीच्या अंगावर काटा आला, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला. राहू द्यावं का असंच? पण उद्या ही पोरं शाळेत जातील आणि लोक त्यांना हसतील.

तिनं चित्रावर बोट ठेवलं.

"दोरी."

"दोरी!" पोरं ओरडली. एका दमात सुरभी साऱ्या गावातून निघून गेली.

पिंकी तेवढी गप्प होती. नवी दोरी पोटाशी धरून तिनं विचारलं, "मंग सुरभी कुठी गेली, बाई?"

साऱ्या पोरांनी दाराकडे पाहिलं. मोहिनीनंही पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तिचं बोट अजून चित्रावरच होतं.

"मले नाई माहीत," ती कशीबशी म्हणाली.

"मले नाई माहीत!" पोरं एका सुरात ओरडली.