सात किलो सहाशे, सगळे धरून

मित्रांनो, मी दोन बैठकांची एक जुनी बाबागाडी आहे. माझे वजन सात किलो सहाशे ग्रॅम आहे. रंग, चाके, पट्टे यांच्याआधी मी वजन सांगते, कारण मला ज्या बाईने निवडले तिने माझ्यात दुसरे काही पाहिलेच नव्हते. आधी मला याचा राग यायचा. आता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, नायलॉनचे कापड, छोटी छोटी चाके. त्या दिवशी माझ्यासारख्या तीनशे गाड्या तयार झाल्या, त्यामुळे माझे कौतुक करायला कुणी थांबले नाही. मी जहाजातून सिंगापूरला आले आणि एका दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून दीड वर्ष मिटून उभी राहिले. माझे कापड तपकिरी पट्ट्यांचे होते आणि ती फॅशन मी पोहोचायच्या आधीच गेली होती. पुढच्या रांगेत लाल आणि निळ्या गाड्या असत. त्यांना कप ठेवायला जागा होती. मला नव्हती.

मला नेणाऱ्या बाईचे नाव ग्योक एंग. वय एकसष्ट. तिने तीस वर्षे बाजारात मासे विकले होते आणि आता ती दोन नातवंडे सांभाळत होती. यिंग दोन वर्षांची, वेई सहा महिन्यांचा. मुले तिला आमा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

आमाचे घर सातव्या मजल्यावर होते. त्या जुन्या इमारतीची लिफ्ट तीनच ठिकाणी थांबे : तळाला, पाचव्यावर आणि नवव्यावर. म्हणून तिथल्या लोकांनी एक युक्ती काढली होती. घरी येताना नवव्यावर उतरायचे आणि दोन मजले खाली चालत यायचे. बाहेर जाताना दोन मजले उतरून पाचव्यावर लिफ्ट धरायची. त्या इमारतीत कुणी जिना चढत नसे, सगळे फक्त उतरत.

मी येण्याच्या महिनाभर आधी आमा शेजारणीकडून मागून आणलेली एक जाडजूड बाबागाडी उचलून असाच जिना उतरत होती. गाडी हातातून सुटली. मुले वर घरात होती म्हणून बरे. आमाचा उजवा गुडघा मात्र चांगलाच ठेचला. संध्याकाळी तिची मुलगी ली पेंग कामावरून आली, तेव्हा आमा बर्फ लावून बसली होती. ली पेंग एका शब्दाने रागावली नाही, आणि आमाला त्याचीच भीती वाटली.

"आई, हे असं चालायचं नाही," ली पेंग म्हणाली. "तुला झेपेल अशी गाडी मिळाली तर ठीक. नाहीतर मुलं मलेशियात, मुआरला, त्यांच्या दुसऱ्या आजीकडे. आम्ही शनिवार-रविवारी जाऊन भेटू."

"मुआर? समुद्रापलीकडे? पोरगं मला ओळखायचं नाही परत आल्यावर!"

"मग काय करू? तू पडलीस तर तिघांना कोण उचलणार?"

आमाने गुडघ्यावरचा बर्फ काढून ठेवला.

पुढे काय झाले ते मी नंतर इतक्यांदा ऐकले आहे की पाहिल्यासारखेच सांगू शकते. आमाने दहा किलो तांदळाची पिशवी घेतली, वेईला फडक्याने पाठीला बांधले, यिंगचे बोट धरले आणि जिना उतरायला लागली. दुसऱ्या वळणावर गुडघा बोलला. पाचव्यावरून लिफ्टने नवव्यावर, तिथून खाली घरी. दोन वाट्या तांदूळ काढले. पुन्हा उतरली. पुन्हा दोन वाट्या. सकाळी सुरू झालेला हा उद्योग दुपारच्या जेवणापर्यंत चालला. शेजारी दारात उभे राहून बघत होते. शेवटी एका फेरीला गुडघा गप्प राहिला. पिशवीत उरलेले तांदूळ आमाने तोलले. ते बरोबर आठ किलो भरले.

दुसऱ्या दिवशी ती जावयाला, बून तेकला, घेऊन दुकानात आली. तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी लांब होते. बून तेकने आल्याबरोबर लाल गाडी धरली. तिच्या मोठ्या चाकांवर तो भाळला होता.

"सासूबाई, ही बघा. गवतावरसुद्धा चालेल."

"गवत सातव्या मजल्यावर उगवलंय का?" आमाने विचारले. मग विक्रेत्याकडे वळून, "वजन?"

"साडेसात किलो, आंटी. हे काय, लिहिलंय चिठ्ठीवर."

आमाने वर्तमानपत्र सोडले. आतून तिचा मासे तोलायचा दांडीचा काटा निघाला : लाकडी दांडी, एका टोकाला लोखंडी आकडा, दांडीवर सरकणारे पितळी वजन. विक्रेता हसला. आमाने बून तेकला काटा धरायला लावला आणि लाल गाडी आकड्याला टांगली. पितळी वजन सरकत सरकत नऊ किलो चारशेवर जाऊन थांबले.

"आंटी, चिठ्ठीवरचं वजन नुसत्या सांगाड्याचं असतं," विक्रेता म्हणाला. "गादी, छत, खालची टोपली धरत नाहीत."

"असं होय? मग मुलं सांगाड्यावर बसवू?"

दुकानातली दोन गिऱ्हाईके हसली. बून तेक कानापर्यंत लाल झाला, पण त्याने काटा खाली ठेवला नाही. पुढच्या रांगेतल्या सगळ्या गाड्या एकेक करून टांगल्या गेल्या. निळी नऊ किलो. जाळीची साडेआठ. एक बैठक पुढे आणि एक मागे असलेली तर आमाने उचलूनच परत ठेवली. विक्रेत्याचा चेहरा उतरत चालला. शेवटी तो म्हणाला, "मागे एक आहे, पण जुनी डिझाइन आहे. तुम्हाला आवडणार नाही."

मला धुळीसकट टांगले. सात किलो आठशे.

"छत धरून?"

"सगळं धरून, आंटी."

आमाने मला एका हाताने उचलले आणि दुकानाच्या पायऱ्यांवरून तीनदा उतरून दाखवले. मग तिने मला उघडले आणि मोजायच्या फितीने माझी रुंदी मोजली. लिफ्टच्या दारातून गेल्यावर चार बोटे जागा उरणार होती. तिने रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. बून तेकने बाहेर पडताना एकदा मागे वळून लाल गाडीकडे पाहिले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या कामाची. रोज सकाळी आमा मला मिटून उजव्या हातात धरी, वेई पाठीला, यिंग डाव्या हाताला. दोन मजले खाली, लिफ्ट, मग दोघे माझ्यात शेजारी शेजारी. बाजार, मग कॉफीच्या दुकानात पाव आणि अर्धे उकडलेले अंडे, मग झाडाखालचे बाक. बाजारातल्या जुन्या मैत्रिणी मला बघून म्हणत, "काय ग, राजा-राणीची गाडी?" आमाला ते फार आवडे. पाऊस आला की ती आधी मुलांना झाकी, मग मला, मग स्वतःला. वर्षभरात माझे छत फाटले, ते काढून टाकले. एक चाक मोडले, तिथे बून तेकने सामानाच्या ढकलगाडीचे जडसे चाक बसवले. प्रत्येक दुरुस्तीनंतर आमा मला दाराच्या कडीला काटा अडकवून टांगे. छत गेले, चाक आले. हिशेब सात किलो सहाशेवर स्थिरावला.

एका गुरुवारी दुपारी बाजारातून परतलो तर लिफ्ट बंद. दुरुस्तीवाले संध्याकाळपर्यंत येतील, असे कळले. आता सात मजले चढणे आले. वेई पाठीला, यिंग पेंगुळलेली, हातात मासे आणि मुळ्याची पिशवी. मला वर नेणे शक्यच नव्हते. आमाने मला मिटले आणि तळमजल्यावरच्या टपालपेट्यांशेजारच्या खांबाला टेकवून ठेवले. वर तिने टिश्यूचे एक पाकीट ठेवले.

तुम्ही आमच्या गावचे असाल तर हसाल. जेवणाच्या ठिकाणी टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवले की ती जागा धरली. मग तिथे कितीही भुकेला माणूस बसत नाही. आमाला वाटले, जे टेबलाला चालते ते मलाही चालेल. पण तो खांब वेगळा होता. नको असलेल्या वस्तू लोक तिथे ठेवत आणि ज्याला हवे तो घेऊन जाई. गुरुवार हा भंगारवाल्याचा दिवस होता.

तो आला, हॉर्न वाजवला, मला पाहिले. टिश्यू काढून त्याने घाम पुसला आणि मला हातगाडीवर घातले, एक मोडका पंखा आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्यामध्ये. मी धातूची वस्तू आहे. वितळवले जाण्याबद्दल माझे काही ठाम मत नाही. तरी त्या दिवशी मला घाबरायला झाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन इमारती पुढे गेल्यावर आमा येताना दिसली. तिने वरून हॉर्न ऐकला होता. वेई पाठीवर रडत होता, यिंग अर्धी झोपेत ओढली जात होती, आणि आमाचा चेहरा घामाने भिजला होता. सात मजले चढून ती सात मजले पुन्हा उतरली होती.

"अंकल, थांबा! ती गाडी माझी आहे."

"खांबापाशी होती," भंगारवाला म्हणाला. तो तिच्याच वयाचा होता. "खांबापाशी होती म्हणजे माझी."

"वर टिश्यू होतं ना!"

"मी वापरलं. आंटी, टिश्यूनं टेबल धरतात, गाडी नाही."

"माझ्या घरी संध्याकाळी मुलगी येईल," आमा म्हणाली. "गाडी नसली तर ही दोघं जातील. समजतंय का तुम्हाला? माझ्याकडून जातील."

तो गोंधळला. रोज कुणी ना कुणी काहीतरी आपले म्हणून सांगत असणार. "तुमची कशावरून?"

आमाची नजर त्याच्या हातगाडीला लटकलेल्या काट्याकडे गेली. तिच्यासारखाच काटा होता, दांडी तेवढी जास्त घासलेली.

"टांगा तिला. मी आधी आकडा सांगते. सात किलो सहाशे. शंभर ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर घेऊन जा."

त्याने मला टांगले. पितळी वजन सरकले. सात सहाशेला दांडी वर गेली, आठला वर गेली, आणि आठ किलो दोनशेला सरळ झाली.

ज्या बाईने तीस वर्षे ताजव्यात कुणाला फसवले नव्हते, तिला आज काट्याने खोटे पाडले होते. भंगारवाल्यालाही बरे वाटले नाही. तो नजर खाली करून मला आकड्यावरून काढू लागला.

"माझे!" यिंग एकदम ओरडली. तिने बोट सोडवले, माझ्या मागच्या खिशात हात घातला आणि एक गोटा बाहेर काढला. मग दुसरा. बाकाखालचे गुळगुळीत पांढरे दगड, रोज एक-दोन करून साठवलेले. तिने ते रस्त्यावर ओळीने मांडले. एकोणीस होते.

"पुन्हा टांगा," आमा म्हणाली.

दांडी सात किलो सहाशेला सरळ झाली. भंगारवाल्याने मला स्वतः उघडून तिच्यासमोर ठेवले आणि रिकामे पाकीटही परत दिले. "एक चाक दुसऱ्याच कशाचं तरी आहे, आंटी," तो म्हणाला. दगड मात्र यिंगने सगळे परत खिशात घालायला लावले.

संध्याकाळी यिंगने दारातच आईला सांगून टाकले, "अंकलनी गाडी टांगली!" मग आमाला सगळे सांगावे लागले. ली पेंग ऐकत होती. चढून किती, उतरून किती, पाठीवर कोण, हे तिने दोनदा विचारले. मुआरचे नाव तिने काढले नाही. सकाळी कामावर जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझ्या दांड्याला तिने एक साखळी आणि कुलूप अडकवले आणि किल्ली आमाच्या हातात दिली.

मुलांनी मला सोडले ते हळूहळू. आधी यिंग चालू लागली, मग वेई. माझ्यात मुळे बसले, मग तांदूळ, मग दाराबाहेरच्या कुंड्या. कुणी वाईट वागले नाही, पण माझ्याकडे कुणी बघेनासे झाले. आसपासच्या इमारतींना प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्ट आल्या. आमच्या इमारतीला ते जमणार नाही, असे पत्र आले. लोक अजून उतरतच असतात.

आमा त्र्याऐंशीची झाली तेव्हा गुडघा कायमचा बोलू लागला. ती कठड्याला धरून दोन मजले उतरू शके, पण खाली गेल्यावर चालवत नसे. म्हणून ती जाईनाशी झाली. चार महिने ती दारापाशी बसून कुंड्यांकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत असे. मग मागच्या शनिवारी यिंगने दारामागचा काटा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाहेर गेली. ती परतली ती एक मिटलेली चाकांची खुर्ची एका हातात घेऊन.

"किती?" आमाने विचारले.

"नऊ किलो दोनशे. चिठ्ठीवर आठ लिहिलं होतं. गादी आणि पाय ठेवायच्या पट्ट्या धरून नऊ दोनशे."

"तुला झेपेल?"

"तांदूळ भरून बघितलंय, आमा. काल. अकरापर्यंत झेपतं."

आमाने यिंगचा हात घेऊन मांडीवर ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

जाताना यिंगने साखळी आणि कुलूप माझ्यावरून काढून खुर्चीला लावले. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. मग आमाने कुंड्या उतरवायला सांगितल्या. "हिला खाली नेऊन ठेव," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरी दोन असतील."

तर मित्रांनो, मी आता टपालपेट्यांशेजारच्या खांबापाशी आहे. माझ्यावर टिश्यूचे पाकीट नाही. वस्तू घेताना रंग कुणीही बघतो. जिला ती रोज उचलायची आहे, तिच्या हातात ती आधी द्या, एवढेच माझे मागणे आहे. माझ्या दांड्याला आमाने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला आहे. त्यावर तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिले आहे : सात किलो सहाशे, सगळे धरून. खिसा तपासला आहे.