रविवारी न पडणारा पाऊस

मी पर्जन्यमापक बोलतोय. नावाला घाबरू नका, पाऊस मोजायचं भांडं म्हणजे मी. वर पितळी काठाचं नरसाळं, खाली पत्र्याचं पोट आणि पोटात एक बाटली. नरसाळ्यात पडलेलं पाणी बाटलीत साठतं. रोज सकाळी साडेआठला ते काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा लिहायचा. एवढंच काम. डोकं लावावं लागत नाही, म्हणून मला खोटंही बोलता येत नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझा काठ तीनदा घासला. "केसाएवढा फरक राहिला तरी सगळं माप चुकेल," असं तो शेजारच्याला सांगत होता. मला वाटलं, जाऊ तिथे अशीच माणसं भेटणार. काय भोळा होतो मी!

मला विकत घेतलं एका अवाढव्य विद्यापीठाच्या नैसर्गिक संसाधन संवर्धन विभागाने. विद्यापीठ एवढं मोठं, की पहिल्या वर्षाची मुलं वर्ग शोधता शोधता अर्धं सत्र संपवतात. आमच्या विभागात पाणी, माती आणि जंगल कसं वाचवावं ते शिकवतात. दारादारावर 'कागद वाचवा' असा रंगीत कागद चिकटवलाय, दर महिन्याला नवा. पाणीबचतीवर परिसंवाद झाला की अर्धवट प्यायलेल्या बाटल्यांनी तीन पिंपं भरतात. आपण काय बोलणार?

सुरुवातीला मी मोकळ्या मैदानात होतो. हळूहळू तिथे प्राध्यापकांच्या गाड्या लागायला लागल्या. एक दिवस विभागप्रमुख सरांनी गाडी मागे घेतली ती थेट माझ्यावर. सर घाईघाईने उतरले, गाडीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हलवा रे हे धूड इथून!" मग मला त्यांच्याच खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला खेटून बसवलं. पर्जन्यमापक इमारतीपासून लांब हवा, असं सरांच्या स्वतःच्या पुस्तकात बाराव्या पानावर छापलंय. मुलांकडून ते पान ते पाठ करून घेतात.

माप घ्यायचे आमचे शिपाईमामा. राहायला आवारातच, त्यामुळे सुट्टी असो नसो, साडेआठ म्हणजे साडेआठ. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, मोजपात्र डोळ्यांसमोर धरायचं आणि दिसेल तेच नोंदवहीत लिहायचं. अख्ख्या विभागात माझं पटलं ते या एका माणसाशी.

तीन वर्षांपूर्वी सरांच्या खोलीत एसी बसला आणि त्याची पाण्याची नळी नेमकी माझ्या डोक्यावर आली. बरंचसं पाणी भिंतीवरून ओघळायचं, पण वाऱ्याने काही थेंब माझ्या नरसाळ्यात यायचेच. अहो, हा पाऊस नव्हे! मी जीव तोडून ओरडत होतो. भांड्याचं ऐकतो कोण? मामांनी इमानाने लिहिलं: चार मिलिमीटर. पाच. ऊन मी म्हणत होतं तेव्हा सहा.

वर्ष सरल्यावर सरांनी वही उघडली आणि खुर्चीतून ताडकन उठले. भर उन्हाळ्यात पाऊस! त्यांनी शोधनिबंध लिहिला की आम्ही आवारात झाडं लावली, म्हणून पाऊस वाढला. झाडं लावली होती खरी, फोटोपुरती. निम्मी पाण्यावाचून वाळून गेली होती. पण निबंध गाजला, सरांना पदक मिळालं. एसी फुल ठेवून त्यांनी मुलाखती दिल्या आणि माझ्यात आणखी पाऊस पडला.

मग आली ती पोरगी. शेवटच्या वर्षाला होती; मामा तिला ताई म्हणायचे. पुढच्या दहा वर्षांत किती पाऊस पडेल, याचा अंदाज माझ्या नोंदींवरून बांधायचा, असा विषय सरांनी तिला दिला. पाणीपुरवठा खात्यात तिची नोकरी पक्की झाली होती. अट एकच, पावसाळ्याआधी पदवी हातात हवी. पदवीला प्रबंध हवा आणि प्रबंधावर सरांची सही.

ती वही घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. पानावरून बोट फिरवता फिरवता थबकली.

"मामा, उन्हाळ्यात दर सोमवारी सकाळी शून्य कसं हो?"

"जे दिसलं ते लिहिलं, ताई. माझ्या पदरचं काही नाही त्यात."

"म्हणजे रविवारी पाऊस पडतच नाही? सणाच्या सुट्टीलापण नाही?"

"नाही पडत. रविवारी साहेब नसतात ना," मामा सहज बोलून गेले.

पोरीने मान वर केली आणि थेंब नेमका तिच्या कपाळावर पडला. शाबास! मला नाचावंसं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात सर ऊर्जाबचतीच्या परिषदेला गेले. साहेब नसले तरी सुट्टी सोडून मामा रोज नऊला एसी लावून ठेवायचे, तसा हुकूमच होता. पोरीने विनवण्या करून चार दिवस तो बंद ठेवायला लावला. चारही दिवस मी कोरडा.

सर आल्यावर ती वर गेली. एसी चालू आणि खिडकी उघडी, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"सर, तो पाऊस नाही. तुमच्या एसीचं पाणी आहे."

वर खुर्ची करकरली.

"तू जरा जास्तच खोलात जातेस," सर म्हणाले.

"पण हे लिहायला हवं, सर."

"लिही की. सही कोण करणार?"

ती खाली येऊन बसली आणि आईला फोन लावला. "आई, खोटं लिहिलं तर सही मिळेल. पण त्या आकड्यांवर उद्या कुणीतरी लोकांच्या पाण्याचं ठरवेल गं."

"मग खरं लिही," फोनमधून आवाज आला. "गेली नोकरी तर घरी ये. घर काही कुठे पळून जात नाही."

तिने खरं लिहिलं. प्रबंध सरांच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिला बोलावणं आलं. सरांचा आवाज लाडिक झाला होता.

"एसीच्या पाण्याचं संवर्धन! केवढा अफाट विषय! परवा मला एकदम सुचला. निबंध तयार आहे."

"तुम्हाला सुचला?"

"तुझं नावही आहे की. आभारात."

"एसीचं पाणी पाऊस म्हणून मोजलं गेलं, हे त्यात आहे?"

"आहे, आहे. ती तर शोधाची पहिली पायरी!"

टेबलावरून प्रबंध सरकवल्याचा आवाज आला. मग पोरगी म्हणाली, "करा सही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण मला ना नोकरी करायची, ना आईला तोंड दाखवायचं. जाताना तिने मामांना बजावलं, "याला मैदानात ठेवा हं. विसरू नका." मामांनी दोनदा अर्ज केला. सरांनी मला घासूनपुसून दर्शनी दालनात काचेच्या पेटीत बसवलं. पेटीवर सरांचं नाव आहे, माझं नाही.

पावसाळा लागला तसं मामांनी विचारलं, "साहेब, हा तर पेटीत. मग लिहू काय?"

"मापकात असेल ते लिहा. नोंद खंडता कामा नये."

मामा रोज साडेआठला पेटी उघडतात, बाटली उपडी करतात आणि लिहितात: शून्य. काल सर धो धो पावसातून धावत आत आले, बुटांतून पाणी निथळतंय, आणि तसेच उभ्याउभ्या वही चाळायला लागले.

"महिनाभर एक थेंब नाही! भीषण दुष्काळ! मामा, पाणीपुरवठा खात्याला आजच कळवा."

"छत्री बाहेर ठेवा साहेब, फरशी भिजतेय," मामा म्हणाले.

पोरी, ते पत्र आता तुझ्याच खात्यात येईल, कदाचित तुझ्याच टेबलावर. ओळीने शून्यं असतील, खाली सरांची सही असेल. तू त्यावर सही करू नकोस. खिडकीतून बाहेर बघ, आणि मिळेल त्या गाडीने येऊन मला या पेटीतून काढ.