नमनाची चाल

सिंदेवाहीजवळच्या एका गावात पत्रू मोहुर्ले दंडार मंडळात, म्हणजे नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या मंडळात, गायचा. खेळाच्या सुरुवातीचं नमन त्याचंच. ती चाल त्याला देवराव गुरुजींनी शिकवली होती. आपल्या आजाला ती मार्कंड्याच्या जत्रेत सुचली, असं गुरुजी सांगायचे, आणि आपल्या दंडारीत बाहेरची चाल शिरता कामा नये, असं बजावायचे.

याच नियमापायी चार वर्षांपूर्वी पत्रूने पवनला मंडळातून काढलं. पवन त्याचा लहानपणापासूनचा सोबती, ढोलकी वाजवायचा. त्याने एका गाण्याला सिनेमाची चाल लावली, एवढंच. तो भद्रावतीला बँड पार्टीत गेला. पुन्हा पत्रूच्या दारात आला नाही.

यंदा दिवाळीला पत्रूची मुलगी दिव्यानी चंद्रपूरहून घरी आली. ती कॉलेजात संगीत शिकते. तिने मोबाइलवर इंग्लंडातल्या मेंढपाळांचं एक जुनं गाणं लावलं. शब्द काही कळेनात, पण दुसऱ्याच ओळीला पत्रूच्या बोटांनी ताल धरला. चाल नमनाची होती.

मोबाइल घेऊन तो तसाच गुरुजींकडे गेला. ऐंशी पार केलेले गुरुजी अंगणात धान वाळवत बसले होते. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान खाली घातली. मग सांगितलं, की आजा जंगल खात्याच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेबाची बाई व्हरांड्यात बसून हे गायची. आजाने ते ऐकून ऐकून उचललं आणि त्यात देवाचं नाव घातलं.

"तुमाले मालूम होतं?" पत्रूने विचारलं.

"लहानपणापासून."

"मंग पवनले काढलं तेव्हा काऊन नाई बोलले?"

गुरुजी धानावरून हात फिरवत राहिले. "माह्या आजाचं नाव गेलं असतं, बाबू."

तुझ्याजवळ आपलं असं काही राहिलं नाही, असं पत्रू तेव्हा भर मंडळात पवनला बोलला होता. गुरुजी शेजारी बसून मान डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी तो बसने भद्रावतीला गेला. पवनने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, पण परत यायला नकार दिला.

"काढाच्या आधी तू तरी मले एकदा विचारून पाह्यचं होतं," तो म्हणाला.

यंदाही दंडार झाली. गुरुजींनी दोनदा निरोप धाडला, तरी पत्रू नमनाला गेला नाही.