मागची फळी

आमच्या घरी नाव आधी अंगणात उमटायची, मग लाकडात. आमच्याकडे तिला डोंगा म्हणतात. आमचे हे, उकंडा सुतार, कागदावर काही काढत नसत. सारवलेलं अंगण वाळलं की मुठीत राख घेऊन डोंग्याचा पुरा आकार जमिनीवर ओढत, जेवढा व्हायचा तेवढाच. मग रेघांच्या आत माणसं बसवत. मी, माझी सासू, शेजारची धुरपता, कुणाची तरी शेळी. "टोपलं मांडीवर घ्या, थोडं सरका," असं करत न्याहाळत राहत. कुणाचा गुडघा रेघेबाहेर आला की रेघ पुसून बाहेर सरकवत. बाजाराला निघालेल्या बायांना टोपल्यांसकट अंगणात बसवणारा सुतार म्हणून लोक त्यांना हसत, पण पैनगंगा ओलांडायच्या आमच्या उतारावर डोंगा त्यांच्याच हातचा चाले.

फळ्यांच्या सांध्यांत आम्ही बाया कापसाच्या वाती ठासायचो. त्यावर राळ आणि जवसाचं तेल. तो वास माझ्या लुगड्यांना वर्षभर यायचा. आता पूल झाला, डोंगा कुणाला लागत नाही. तरी कुठे राळ जळाली की मी क्षणभर त्या अंगणात असते.

प्रत्येक डोंग्याला शेपटीकडे, मागच्या टोकाला, बसायची एक फळी असे. शेपटी अरुंद आणि खोल, झिरपलेलं पाणी तिथेच साचायचं. त्या फळीवर महारवाड्यातली माणसं बसत, बाकीच्यांना शिवू नये म्हणून. सासऱ्यांनी तसे डोंगे बांधले, ह्यांनीही तसेच बांधले. राखेच्या रेघांत त्या टोकाला मात्र ह्यांनी कधी कुणाला बसवून पाहिलं नव्हतं. तिथे रेघ अंदाजाने मिळवायची.

छप्पन सालच्या दसऱ्याला ती माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात गावचा जुना डोंगा कुजला आणि नवा करायचं ठरलं. ह्यांनी राख ओढली त्याच दिवशी तुळसाबाई आमच्या कुडाशी येऊन उभी राहिली. ती त्या वस्तीतली दाई. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच केली होती. तिच्या वस्तीतल्या बाया पलीकडच्या शेतांत निंदणाला जात, म्हणून पावसाळाभर त्यांना रोज नदी ओलांडावी लागे.

"मोठा दिसते डोंगा, मिस्त्री," ती म्हणाली. "आमाले कुठं बसवून राह्यले?"

ह्यांनी शेपटीकडे पाहिलं.

"थे नाई पायजे आता. पाय पान्यात अन् पाठ मानसाइकडं. या खेपेला फळी नका लावू. आमी मंधात बसू."

"पाटलाले इचारा लागन, बाई."

"डोंगा पाटील बांधते का तुमी?"

मला हसू आलं. हेही हसले. "या मंग," म्हणाले, "बसून दाखवा."

ती जरा थबकली. मग रेघ ओलांडून आत आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"तुमाले जागा लय लागते, तुळसाबाई."

"गावभरच्या बाळंतपनाचे लाडू खाल्ले, मिस्त्री. बाळंतीन वाळते, दाई फुगते."

ह्यांनी पायाने रेघ पुसली आणि वीतभर बाहेर ओढली. "नाई लावत फळी," म्हणाले. तिने ते वस्तीत जाऊन सांगितलं.

चार दिवसांनी पुंडलिकराव पाटील आले. गावाचा डोंगा त्यांच्या सांगण्यावरून होत होता. सांगाडा उभा झाला होता. त्यांनी शेपटीकडे काठी केली.

"फळी कुठं आहे, उकंडा?"

"पाटील, थे लोक आता..."

"थे काहीही होवोत. माह्या घरच्या बाया याच डोंग्यात बसतात. तुले जमत नसंल तर पुसदचा सुतार आनतो."

ह्यांनी मान खाली घातली. "फळी काय जी, कवाही बसवता येते."

पाटील गेल्यावर ह्यांनी पटाशी घेतली आणि शेपटीकडे दोन्ही बाजूंना आतून एकेक खाच पाडली. मग मापाची फळी तासली आणि खांद्यावर घालून पाटलाच्या गोठ्यात ठेवून आले.

"हे कायले?" मी विचारलं.

"डोंग्याले फळी आहे का? नाई. पाटलापाशी फळी आहे का? आहे. कोनाशी खोटं बोललो मी?"

ते खुशीत होते. अवघड सांधा जमल्यावर असायचे तसे. ती फळी गोठ्यातच पडून राहील, असं त्यांना खरंच वाटत होतं. मीही मान डोलावली.

आषाढात नदी भरली. आमच्या उताराची रीत अशी की नव्या डोंग्यात बांधणाऱ्याची बायकापोरं आधी बसायची. हातात खोट असेल तर पहिल्यांदा त्यानेच भोगावी. मी धाकट्याला घेऊन मधोमध बसले. डोंगा चालवणाऱ्या गोविंदा भोयाने नारळ फोडला. तुळसाबाईच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे करून आली होती. तुळसाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, तिने डोंग्याच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाली, "सरक, पंचफुला."

मी सरकले. तेवढ्यात पाटलाचा गडी फळी घेऊन आला. त्याने ती शेपटीकडे टेकवली आणि तळव्याने दाबली. ठोकावी लागली नाही. टक् असा आवाज होऊन फळी बसली. ह्यांचा सांधा बसला की असाच आवाज व्हायचा. तो काठावर सगळ्यांनी ऐकला.

तुळसाबाईने फळीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"माप तुमचंच आहे, मिस्त्री," ती म्हणाली. डोंग्यावरचा हात काढून ती पाण्यातून मागे गेली. तिच्यामागे तिची माणसंही गेली.

डोंगा निघाला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मी बसून होते. पलीकडे पोचेपर्यंत थेंबभरही पाणी आत आलं नाही. लोकांनी ह्यांचं फार कौतुक केलं.

त्यानंतर त्या बाया वरच्या अंगाला, जिथे पात्र पसरट आहे तिथून, छातीएवढ्या पाण्यातून एकमेकींचे हात धरून जाऊ लागल्या. हे रोज सकाळी हातातलं काम टाकून काठावर जात. शेवटचं डोकं पलीकडे वर येईपर्यंत उभे राहत. घरी आले की ताट पुढे सरकवत, म्हणत, "भूक नाई." एक दिवस मला घेऊन तुळसाबाईच्या दारी गेले. ती ज्वारी पाखडत होती.

"बाई, तुमाले मी डोंगा बांधून देतो. साग माहा, मेहनत माही."

तिने सूप थांबवलं नाही. "येगळा डोंगा कायले पायजे आमाले, मिस्त्री? येगळी तर थे फळीच होती."

दुसऱ्या दिवशी उतारावर माणसं जमलेली असताना हे डोंग्यात चढले. फळी उपसून नदीत टाकली. दोन्ही खाचांत सागाचे तुकडे ठोकले, सांध्यावर कापूस आणि राळ भरली.

"पाटील काय म्हनतीन?" गोविंदाने विचारलं.

"त्याइले सांग, खाच मी पाडली होती, मीच बुजवली."

पाटलांनी पुन्हा ह्यांना काम दिलं नाही. पुढचा डोंगा पुसदच्या सुताराने केला. हे बैलगाड्यांची चाकं करू लागले. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आठवडाभराने तुळसाबाई डोंग्यात बसली, मधोमध. काही बाया उठून उतरल्या, काही बसून राहिल्या. हे काठावर होते.

"पानी तं नाई ना येत, बाई?"

"नाई येत."

आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून हे उभेच राहिले. ती शेजारणीशी निंदणाचं बोलत होती. डोंगा पलीकडे गेला.

माझं तिसरं बाळंतपणही तिनेच केलं. "पोरगी झाली, मिस्त्री," एवढं दारात सांगितलं आणि गेली. ती त्यांच्याशी कधी भांडली नाही, आडून बोलली नाही. चेष्टा मात्र तिने पुन्हा केली नाही. ती येऊन गेली की हे मला हळूच विचारायचे, "काई म्हन्ली का थे?"

"नाई जी," मी सांगायची. म्हातारपणापर्यंत ते विचारत राहिले आणि दरवेळी मला तेच सांगावं लागलं.