माघारी फिरवलेलं यान

“पान उलटल्याचा आवाज आला नाही गं,” सासरे म्हणाले.

मांडीवरची कादंबरी केव्हाची एकाच पानावर उघडी होती आणि मी मनाचंच वाचत होते. यान परत फिरलं, म्हातारी माणसं उतरली, सुनांनी दारं उघडली.

बाबांची दृष्टी गेल्यापासून रोज दुपारी त्यांना एक प्रकरण वाचून दाखवायचं, हा माझा नेम. ही कादंबरी धाकट्या भाऊजींनी आणलेली. पुढच्या शतकातली गोष्ट. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी भारावून गेले होते. शनीच्या कड्यांवरच्या उजेडाचं वर्णन वाचताना दूध उतू गेलं, तर बाबा म्हणाले, “जाऊ दे दूध. हे दिसतंय मला.” समोरची भिंत न दिसणाऱ्या माणसाला त्या लेखकाने शनी दाखवला. त्यासाठी त्याचे पाय धरावेत.

आणि त्याच हाताने त्याने पुढचं लिहिलं! पृथ्वीवर जागा पुरेना, म्हणून म्हातारी माणसं आपण होऊन यानात बसतात आणि अंधारात निघून जातात. हसत. पोरं टाळ्या वाजवतात. लेखक याला त्याग म्हणतो. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्याने कधी म्हाताऱ्या माणसाला हात धरून उठवलं नाही, त्यालाच असला त्याग सुचतो. म्हणून कालपासून मी यान माघारी फिरवत होते.

“पुस्तकात ते परत येत नाहीत ना?”

“नाही.”

“वाटलंच. तुझ्या गोष्टीत सुना फारच गुणी निघाल्या.”

मला हसू आलं नाही. “त्या लेखकाला अक्कल नाही, बाबा.”

“आहे. मला पटलं त्याचं. सकाळी धाकट्याला फोनवर हो म्हणालो. वृद्धाश्रमात जायला. उद्या गाडी घेऊन येतोय.”

“ह्यांना सांगितलंत?”

“त्याला माहीत आहे.”

आवाज चढवायचा नाही, हेही माझं एक व्रत. ते तिथेच मोडलं.

“म्हणजे मलाच तेवढं माहीत नाही! भाऊजींनी बरं शोधून पुस्तक आणलं. मी कधी कपाळाला आठी घातली, बाबा?”

“नाही घातलीस. पण हल्ली पलंगाला धरून उठतेस. ऐकू येतं मला.”

“कंबर माझी आहे! मला विचारलंत?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

मी पुस्तक भिरकावलं. जन्मात पहिल्यांदा. ते भिंतीवर आपटून खाली पडलं. बाबा उठले, जमिनीवर चाचपडत त्यांनी ते शोधलं, धोतराने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. उलटं.

“आता त्याने लिहिलंय तेच वाच. ते कुठे पोहोचतात, कळू दे मला.”

ते कुठेच पोहोचत नव्हते. लेखकाने त्यांना अंधारात सोडून दिलं होतं आणि तो पुन्हा पृथ्वीवरच्या पोरांकडे वळला होता. दात आवळून मी वाचू लागले. बाबांनी सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते खिडकीच्या बाजूला सरकून ताठ बसले.