पहिले दोन एपिसोड स्लो आहेत

माझ्या नवऱ्याला झुरळ मारता येत नाही. झुरळ दिसलं की अभय सोफ्यावर पाय वर घेऊन ओरडतो, "अक्षता, चप्पल!" पण ज्या नराधमाने सतरा बायका मारून अंगणात पुरल्या, त्याच्यावरची डॉक्युमेंट्री लागली की हाच माणूस ताट मांडीवर घेऊन, बोंबलाचा काटा काढत, चवीने बघतो. आणि नुसतं बघून गप्प बसेल तर तो अभय कसला! दादरच्या ऑफिसात, बिल्डिंगच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला सुचवत सुटतो. गेल्या महिन्यात माझे चुलते वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. वंदना संपून दोन मिनिटं झाली नाहीत, तर हा माझ्या चुलतभावाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतोय, "मन रमव रे कशात तरी. एक मस्त आहे बघ, सहा एपिसोडची. पहिले दोन स्लो आहेत, पण तिसऱ्यापासून मजा आहे. तिसऱ्यात प्रेतं सापडायला लागतात." कुठे तोंड लपवू असं झालं मला.

आम्ही दोघंही नायगावच्या बीडीडी चाळीतले. आता टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर आलोय. बाजूच्या घरात कमलामावशी. चाळीतही त्या बाजूलाच होत्या. एकट्या राहतात, मुलगी सीमा पनवेलला दिलेली. चाळीत मावशींचं दार पाण्याच्या वेळेला उघडलं नाही, तर पाच मिनिटांत कोणीतरी थाप मारायचंच. टॉवरमध्ये दारं बंद ठेवायची पद्धत आहे, ती आम्ही आठवड्याभरात शिकलो. राहायला आलो त्या दिवशी मावशींनी त्यांची जादा चावी माझ्या हातात दिली. "चाळीत असायची ना तुझ्याकडे, तशीच असू दे गं." मी ती दारामागच्या खिळ्याला अडकवली.

शनिवारी सकाळी मावशींच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. मी म्हटलं, गेल्या असतील सीमाकडे. भाजी आणायला खाली उतरताना सुद्धा सांगून जाणारी बाई न सांगता पनवेलला कशी जाईल, हा विचार मला सुचला नाही असं नाही. सुचला, आणि कपडे मशीनला लावेपर्यंत विसरले.

रविवारी पिशव्या दोन झाल्या. समोरचा स्वप्नील म्हणजे अभयचा पट्टशिष्य. त्याने लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग काय, सगळ्या टॉवरमधले शेरलॉकचे काके जागे झाले! कोणी म्हणे चोरांची खूण आहे, कोणी म्हणे दूध तपासायला पाठवा. अभयने लिहिलं, 'क्लासिक पॅटर्न. दूध बंद न करता माणूस गायब.' चौदा अंगठे आले. मी उठून बेल वाजवायला गेले तर या शहाण्याने माझा हात धरला. "हात लावू नकोस, ठसे पुसले जातील." मी हसले. आणि खोटं कशाला बोलू, घरात परत आले. गॅसवर मटण होतं.

जेवणं झाल्यावर स्वप्नील वेफर्सचं पाकीट घेऊन आला आणि दोघं नवीन डॉक्युमेंट्री लावून बसले. हिंदीत डब केलेली. कुठल्याशा परदेशी गावातला माणूस बायकांना घराखाली कोंडून ठेवायचा. त्याच्या बाजूला राहणारा एक म्हातारा, छान इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्यात बघून सांगत होता, "ठोकने की आवाज़ आती थी. हमें लगा, पाइप होगा."

अभय खवळला. "काय माणसं असतात यार! भिंतीला भिंत लागून राहतात आणि कळत नाही? आपल्यात झालं असतं का असं?"

"शक्यच नाही," स्वप्नील वेफर्स खात म्हणाला.

ठक. ठक.

"ऐकलास?" अभय खूश. "नवीन स्पीकर घेतलाय. याला म्हणतात साउंडबार. कालपासून असा वाजतोय की बस!"

"खरंच रे, भिंतीतून आल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, चहा टाकते, जरा थांबवा ते. अभयने रिमोट दाबला. म्हातारा तोंड उघडं टाकून पडद्यावर थिजला. घरात शांतता झाली.

ठक. ठक.

आम्ही तिघांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग रिमोटकडे. मग माझं लक्ष दारामागच्या खिळ्याकडे गेलं आणि चावी ओढून मी बाजूच्या दाराकडे धावले.

मावशी बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. शनिवारी पहाटेपासून तिथेच. खालचा नळ हाताला येत होता म्हणून वाचल्या. तांब्याने भिंत ठोकून ठोकून तांब्याचा काठ चेपला होता. त्या भिंतीच्या पलीकडे आमचा सोफा.

चार दिवसांनी ऑपरेशन झाल्यावर आम्ही हॉस्पिटलात भेटायला गेलो. अभयने दोन शहाळी नेली होती. ती हातात तशीच धरून हा बावळट विचारतो, "मावशी, तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"मारली रे बाबा. घसा बसला माझा, मग तांब्या घेतला." मावशींचा आवाज अजून फुटत नव्हता, तरी बोलायची हौस तीच. "तुमचं मात्र सगळं ऐकू यायचं हो. दोन दिवस तोच आधार होता मला. त्या बायांची गोष्ट ऐकली, बिचाऱ्या! पण शेवट राहिला बघ माझा, तुम्ही मध्येच बंद केलंत."

अभय खाली बघायला लागला.

"तो बाजूवाला म्हातारा रे. त्याला ठोके ऐकू येत होते ना? त्याचं काय केलं मग? काही शिक्षा झाली का त्याला?"

अभयने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? सांग. एरवी सगळ्यांना सांगत फिरतोस."

तो शहाळी खाटेखाली ठेवायला वाकला. शेवटी मीच म्हटलं, "नाही मावशी. त्याला काही झालं नाही. त्याला टीव्हीवर घेतलं."