नाव नसलेली डबी

"कौन दिया ये, मा?" डॉक्टर सान्यालांनी पितळी डबीचं झाकण काढून आतल्या पांढऱ्या मलमाचा वास घेतला. "नाम क्या है इसका?"

कालिंदीवहिनींचा उजवा हात टेबलावर पडला होता. मनगटापासून कोपरापर्यंत लालसर चट्टे एकमेकांत मिसळले होते.

"पडोसन ने दिया था," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वो तो नागपूर चली गई."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या प्रतिभानं पर्सचा बंद आवळला. ती पडोसन नागपूरला गेली नव्हती. ती हीच होती.

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभाच्या बोटांना गेल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या रसायनांनी इसब झालं होतं. तेव्हा हे नवीन मलम निघालं होतं. देणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं: अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे, आणि फक्त तुमच्यासाठी. तिनं सगळं पाळलं, शेवटचं सोडून. वहिनींच्या मनगटावर रुपयाएवढा खाजरा चट्टा दिसला तेव्हा तिनं न विचारताच निदान केलं. उरलेलं मलम घरातल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून दिलं. प्रयोगशाळेत चिठ्ठी न लावता बाटली ठेवणाऱ्या मुलीला ती वर्गाबाहेर उभी करत असे.

दोन दिवसांत खाज गेली. "तुमच्या हाताला गुण आहे हो, प्रतिभाताई!" वहिनींनी सांगितलं, आणि तिला ते आवडलं. लावणं थांबवलं की चट्टा परत यायचा, आधीपेक्षा मोठा. मग तिनं दुसरी ट्यूब आणून तीच डबी भरून दिली. तीन महिने.

डॉक्टरांनी चट्ट्याची कड खरवडून काचपट्टी तयार केली. प्रतिभा शिक्षिका आहे हे कळल्यावर सूक्ष्मदर्शक तिच्याकडे वळवला. "देखिए."

फांद्या फुटलेले बारीक धागे. पावावरची बुरशी दरवर्षी मुलींना दाखवताना दिसतात, तसेच.

"दाद," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गजकर्ण. इसबावर अशी मलमं चालतात, तीही मोजकी, देखरेखीखाली. इथे खाज दबली, लाली दबली, आणि खाली बुरशीला रान मोकळं मिळालं. आता दुसरं मलम, झोंबणारं, निदान दीड महिना. तोवर कणीक, उकड, दुसऱ्याचा टॉवेल, कशालाही हात नाही. "ये डिब्बा फेंक दो. नाम मालूम होता तो अच्छा था."

प्रतिभानं तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी उठल्या.

ट्रामच्या थांब्यावर ती म्हणाली, "तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"तुमची नोकरी आहे. आणि तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

बेहाल्याची ट्राम आली. वहिनी डाव्या हातानं दांडा धरून चढल्या.

चार दिवसांनी गणेशचतुर्थी. इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात उकडीची वाफ कोंदली होती. नैवेद्याचे पहिले एकवीस मोदक सतरा वर्षं कालिंदीवहिनींच्या हातचे असत. त्या यंदाही आल्या होत्या, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, आणि दाराजवळ पाटावर लांब बसल्या होत्या.

"चट्टे गोल होते गं, मी पाहिलेत," शकुन नारळ खवता खवता पुटपुटली. "महारोग तर नसेल?"

"हळू बोल," दुसरी एक जण म्हणाली.

"हळूच बोलतेय. आमच्या घरात तान्हं मूल आहे, बाई."

स्वयंपाकघर शारदाकाकूंच्या हुकमात असे. त्या वहिनींच्या डोक्यावरून बघत म्हणाल्या, "कालिंदी, तू आपली घरी विश्रांती घे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

वहिनी पदर सावरून उठू लागल्या. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही; प्रतिभाकडे तर नाहीच.

"महारोग नाही तो," प्रतिभा म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "गजकर्ण आहे. मी स्वतः सूक्ष्मदर्शकात पाहिलंय. दीड महिन्यात बरं होईल. आणि ते पसरलं माझ्यामुळे. माझं इसबाचं मलम मी त्यांना दिलं, डॉक्टरांना न विचारता."

खवणीचा आवाज थांबला.

"तुम्ही?" शकुन म्हणाली. "तुम्ही तर शास्त्र शिकवता!"

"म्हणून तर त्यांनी लावलं."

शारदाकाकूंनी उगाच पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं. "बस, कालिंदी," त्या शेवटी म्हणाल्या. "पण उकडीपासून लांब."

वहिनी पाटावर टेकल्या. "नागपुरात सुखानं होतात की!" त्या प्रतिभाला हळूच म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

"उद्या डॉक्टरांनाही सांगून येते."

"या. आधी हात धुवा. पहिले एकवीस तुम्ही करा."

"मला नाही येत."

"मी आहे ना इथे."

प्रतिभाची पारी जाड झाली, मग फाटली. दुसरी जमली. तिनं सारण भरलं आणि कळ्या पाडायला घेतल्या.

"बारीक घ्या. अजून बारीक. घाई नको," वहिनी दारातून सांगत होत्या. "हं. आता सगळ्या एकत्र आणा."

प्रतिभानं मान वर केली. मांडीवर पडलेला वहिनींचा उजवा हात हवेतच एकेक कळी चिमटत होता.